कोलोसियमचं खास तिकीट: घ्यायचं की नाही, आणि घ्यायचं तर कोणत्या क्रमाने

रोमला जायचं ठरलं की बहुतेकांचा क्रम एकच असतो. आधी विमान, मग हॉटेल, मग पास्ता कुठे खायचा याची यादी, आणि निघायला आठ दिवस उरले की ‘अरे, कोलोसियमचं अंडरग्राउंड बघायचं राहिलं!’ तोवर अधिकृत तिकिटं संपलेली असतात. मग गूगलवर पहिलं दिसेल त्या संकेतस्थळावर चौपट पैसे भरायचे, आणि तिथे पोचल्यावर कळतं की त्या तिकिटात तळघर नव्हतंच, नुसतं रिंगण होतं.

हा लेख ते टाळण्यासाठी आहे. कोलोसियमचा इतिहास इथे मिळणार नाही. सगळ्या सूचना स्वतःच्या स्वतः जाणाऱ्यांसाठी आहेत. मुंबई-पुण्याच्या कंपनीबरोबर ग्रुप टूरने जाणार असाल तर आधी कार्यक्रमपत्रिकेत ‘बाहेरून दर्शन’ किंवा ‘फोटो स्टॉप’ लिहिलंय का ते पाहा. तसं असेल तर आत जाणं टूरमध्ये धरलेलंच नाही, आणि खास तिकिटाचा विचार मोकळी दुपार मिळाली तरच करायचा.

## टप्पा 1: विकलं काय जातंय ते समजून घ्या

‘स्पेशल अ‍ॅक्सेस’ या एका नावाखाली तीन वेगळ्या जागा येतात. विकणारे या शब्दांची भेळ करतात, म्हणून आधी साधं तिकीट आणि मग या तिन्ही जागा सुट्या करून पाहू.

साधं तिकीट. पहिला आणि दुसरा मजला. किंमत 18 युरो. त्यातच शेजारचे रोमन फोरमचे अवशेष आणि पॅलेटाइन टेकडी येते. तिकीट 24 तास चालतं: कोलोसियममध्ये ठरलेल्या वेळी एकदा आणि फोरम-पॅलेटाइनमध्ये एकदा प्रवेश.

अरीना. म्हणजे रिंगण. पण पूर्ण रिंगण आज अस्तित्वात नाही. जुनी लाकडी जमीन केव्हाच गेली. पूर्वेच्या टोकाला नव्याने बांधलेला एक लाकडी मंच आहे, तेवढ्यावर उभं राहायचं. समोर उघडं पडलेलं तळघर आणि चारी बाजूंनी चढत गेलेले सज्जे दिसतात.

अंडरग्राउंड. म्हणजे रिंगणाखालचं तळघर, हायपोजियम. जनावरं, माणसं आणि देखाव्याचं सामान इथून वर रिंगणात चढवलं जाई. 2021 साली डागडुजी होऊन इथला 160 मीटरचा लाकडी फेरमार्ग खुला झाला. इथे मनाला येईल तसं भटकता येत नाही. ठरलेल्या वेळी, मर्यादित संख्येत, आखून दिलेल्या वाटेनेच जायचं. या तिकिटात अरीना येतेच.

अ‍ॅटिक. सगळ्यात वरचे मजले. 2023 मध्ये इथे काचेची लिफ्ट बसवली. खाली पूर्ण लंबवर्तुळ, बाहेर कॉन्स्टंटाइनची कमान, व्हीनस आणि रोमा यांचं देऊळ आणि पॅलेटाइन टेकडी. प्राचीन काळी ही सगळ्यात हलक्या दर्जाची आसनं होती. आज दृश्य सगळ्यात चांगलं इथूनच.

अधिकृत संकेतस्थळावर ही खास तिकिटं ‘फुल एक्सपिरियन्स’ या नावाने मिळतात आणि मूळ किंमत 24 युरो आहे. ती दोन दिवस चालतात, शिवाय फोरम-पॅलेटाइनमधल्या काही बंदिस्त जागा त्यात उघडतात: सम्राट ऑगस्टसचं घर, त्याची बायको लिव्हिया हिचं घर, सांता मारिया अँटिक्वा हे भित्तिचित्रांचं जुनं चर्च. या जागांना ‘सुपर’ म्हणतात. साध्या तिकिटावर तिथे दारातून परत यावं लागतं. माझ्या मते या तिकिटाचा अर्धा फायदा इथेच आहे, पण कोलोसियमच्या नादात लोक या जागा बघायच्या विसरूनच जातात.

> तपासून पाहा: तुम्ही बघत असलेल्या तिकिटाच्या वर्णनात ‘अंडरग्राउंड’ हा शब्द ‘काय समाविष्ट आहे’ या यादीत आहे का? शीर्षकात असून यादीत नसेल तर ते अंडरग्राउंडचं तिकीट नाही. ‘गेट ऑफ डेथमधून प्रवेश’, ‘ग्लॅडिएटर्स एन्ट्रन्स’ हे शब्द दिसले तर समजा की अरीनाच विकताहेत. ज्या दाराने मंचावर जातात त्या दाराचं हे नाव.

## टप्पा 2: खरंच हवंय का, ते ठरवा

‘खास भाग चांगला आहे का’ या प्रश्नाला अर्थ नाही, तो चांगलाच आहे. 24 युरोला घ्यावा का आणि 100 युरोला घ्यावा का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत.

अधिकृत दरात साधं आणि खास यांत फरक 6 युरोंचा. म्हणजे युरो शंभर रुपयांना धरला तर सहाशे रुपये. एवढ्यासाठी डोकं लढवायची गरज नाही. तारीख-वेळ जमत असेल तर घेऊन टाका. (तिकिटाला मार्गदर्शित फेरी जोडली तर किंमत थोडी वाढते, तरी हरकत नाही.) खरा विचार करायचा तो अधिकृत तिकिटं संपल्यावर, खासगी टूर 80 ते 150 युरो मागते तेव्हा.

त्यासाठी आधी एक गोष्ट लक्षात घ्या, जी विकणारे सांगत नाहीत. रिंगणावर जमीन उरलेली नसल्यामुळे तळघर वरून दिसतंच. साध्या तिकिटावर दुसऱ्या मजल्याच्या कठड्याशी उभे राहा. खाली एकाला एक लागून वळत गेलेल्या भिंती, मधला सरळ बोळ, दोन्ही बाजूंच्या खोल्या, सगळा नकाशा उघडा पडलेला असतो. उलट खाली उतरल्यावर तो नकाशा नाहीसा होतो. दोन्ही बाजूंना उंच भिंती, वर आकाशाची पट्टी, आणि समोर गटातल्या पुढच्या माणसाची पाठ.

मग खाली जायचं कशासाठी? तपशिलासाठी. तूफा या ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या दगडाच्या भिंतींत उभ्या खाचा आहेत, त्यांत लाकडी लिफ्टच्या चौकटी सरकत. जमिनीत ठराविक अंतरावर भोकं आहेत आणि काहींच्या तळाशी कांस्याची बैठक अजून दिसते. तिच्यात उभ्या रहाटाचा खुंट फिरे. रहाटाला माणसं जुंपलेली, दोर वर, पिंजरा वर, झडप उघडली की जनावर थेट उजेडात. 2015 मध्ये अशी एक लाकडी लिफ्ट पुन्हा बांधून तिथे बसवली. तिच्याशेजारी उभं राहून कुणी नीट समजावलं तर हे सगळं डोळ्यांसमोर फिरायला लागतं. कुणी समजावलं नाही तर तो विटांचा आणि दगडांचा थंड, थोडासा ओलसर बोळ आहे, बाकी काही नाही.

म्हणून निवाडा असा:

अंडरग्राउंडला 100 युरो द्या, जर तुम्हाला ‘हे चालायचं कसं’ या प्रश्नात रस असेल आणि सोबत परवानाधारक गाईड असेल. इंजिनिअर, नाटकवाले (रंगमंचाखालची यंत्रणा ज्यांनी पाहिलीय ते), इतिहासाचे शिक्षक, प्रश्न विचारणारी दहा-बारा वर्षांवरची मुलं: यांचे पैसे वसूल होतात.

नुसत्या अरीनाला एवढे पैसे देऊ नका. मंचावर उभं राहण्याचं अप्रूप पाच मिनिटांचं आहे. फोटो उत्तम येतो हे खरं, पण तेवढंच.

अ‍ॅटिक फोटो काढणाऱ्यांसाठी आणि ज्यांना शहर कसं बसलंय ते वरून बघायला आवडतं त्यांच्यासाठी. उंचीची भीती असणाऱ्यांनी काचेच्या लिफ्टचा विचार आधी करावा, रांगेत उभं राहिल्यावर नव्हे.

साधंच घ्या, जर रोमला एकच दिवस असेल, पाच वर्षांखालचं मूल बरोबर असेल, किंवा घरातल्या कुणाचे गुडघे कुरकुरत असतील. दुसऱ्या मजल्यावर जायच्या पायऱ्या चढ्या आणि उंच आहेत. आई-बाबांना तेवढ्याच पुरतात. लिफ्ट आहे, पण ती गरजूंसाठी, तेव्हा कर्मचाऱ्यांना विचारून घ्या. वाचलेल्या पैशात साध्या तिकिटावर फिरवणारा चांगला गाईड घ्या. गाईडशिवाय बघितलेल्या तळघरापेक्षा गाईडबरोबर बघितलेला दुसरा मजला कितीतरी जास्त पदरात टाकतो.

आणि ज्यांना फक्त तळघराचीच ओढ आहे, त्यांनी रोमबाहेरही बघावं. नेपल्सच्या बाजूला जाणार असाल तर सांता मारिया कापुआ वेतेरे इथे कोलोसियमसारखंच अँफिथिएटर आहे. ट्युनिशियात एल जेम इथेही एक आहे, तिथे तर साध्या तिकिटावर रिंगणात उतरून खालच्या बोळातूनही फिरता येतं आणि गर्दी रोमच्या पासंगालाही पुरत नाही.

## टप्पा 3: घरचा हिशेब मांडा

हे कागदावर करा, मनातल्या मनात नको. उदाहरणादाखल आई-बाबा आणि 12 व 16 वर्षांची दोन मुलं धरू.

अधिकृत संकेतस्थळावर 18 वर्षांखालच्या सर्वांना प्रवेश मोफत आहे, मग देश कोणताही असो. म्हणजे साधं तिकीट दोघांचे 36 युरो, फुल एक्सपिरियन्स 48. खासगी टूरमध्ये मुलांचेही पैसे बहुधा लागतात. माणशी 90 धरले तर 360 युरो. फरक 312 युरो, म्हणजे शंभराच्या भावाने एकतीस हजार दोनशे रुपये. हा आकडा घरात मोठ्याने वाचा आणि मग ठरवा.

सवलतींबाबत तीन गैरसमज नेहमी दिसतात:

- ज्येष्ठ नागरिकांना सवलत नाही. आपल्या आधार कार्डावरचं जन्मसाल तिथे कामाचं नाही.
- 18 ते 25 वयोगटासाठीचं 2 युरोंचं तिकीट युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे. जर्मनीत शिकणारा आपला भारतीय विद्यार्थी केवळ तिथल्या कॉलेजच्या ओळखपत्रावर त्यात बसत नाही, आणि दारात हुज्जत घालून उपयोग नसतो.
- मुलांना मोफत म्हणजे मुलांना तिकीट नको, असं नव्हे. शून्य किमतीचं तिकीट त्याच वेळेचं, त्याच बुकिंगमध्ये काढावंच लागतं. मोठ्यांची तिकिटं काढून मोकळं व्हायचं आणि नंतर मुलांची काढायला जायचं, तर त्या वेळेचा कोटा संपलेला असू शकतो.

## टप्पा 4: बुकिंगच्या आधीची तयारी

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, आणि आपल्याकडच्या लोकांचा घोळ जरा खास असतो. म्हणून हा टप्पा घाईत उरकू नका.

नावं. ऑक्टोबर 2023 पासून कोलोसियमची तिकिटं नावानिशी मिळतात. दारात पासपोर्टशी नाव पडताळलं जाऊ शकतं. आता आपल्याकडचे पासपोर्ट पाहा: ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात पुष्कळदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. घरात हाक मारतो ते नाव भलतंच. लग्नानंतर आडनाव बदललं पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा, हेही सर्रास. नियम सोपा ठेवा: फॉर्ममध्ये पहिल्या नावाच्या चौकटीत ‘गिव्हन नेम’ जसंच्या तसं, आडनावाच्या चौकटीत ‘सरनेम’ जसंच्या तसं. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर व्हिसा आणि विमानाच्या तिकिटावर जी पद्धत वापरली तीच इथेही. एकदा काढलेल्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, आणि नाव नंतर बदलता येईल असं गृहीत धरू नका.

सगळ्यांच्या पासपोर्टवरची नावं एका कागदावर किंवा मोबाइलच्या नोट्समध्ये आधीच टाइप करून ठेवा. बुकिंगच्या पानावर घड्याळ चालू असताना कपाट उघडून पासपोर्ट शोधायचे नसतात.

कार्ड. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘इंटरनॅशनल ऑनलाइन ट्रान्झॅक्शन’ चालू आहे का, मर्यादा पुरेशी आहे का, ते आदल्या दिवशी पाहा. व्हिसा किंवा मास्टरकार्ड वापरा आणि दुसरं कार्ड हाताशी ठेवा. बँक परकीय चलनावर जो अधिभार लावते तो हिशेबात धरा.

ओटीपी. बुकिंग भारतात असतानाच करा, हा सल्ला एवढ्यासाठीच. रोममध्ये इटलीचं सिम घातलेल्या फोनवर पुण्याच्या बँकेचा ओटीपी येत नाही. तिथे जाऊन काढायची वेळ आलीच तर भारतीय सिम रोमिंगवर चालू ठेवा.

खातं. अधिकृत विक्री ‘तिकेटिंग डॉट कोलोसेओ डॉट आयटी’ या पत्त्यावर होते. शेवटचे दोन शब्द ‘कोलोसेओ डॉट आयटी’ आहेत ना, हे अक्षर अन् अक्षर तपासा; मिळत्याजुळत्या नावांची, अगदी अधिकृत वाटावीत अशी पुनर्विक्रीची संकेतस्थळं ढीगभर आहेत आणि शोधात जाहिरातीमुळे तीच वर येतात. नोंदणी आधी करून पासवर्ड चालतोय ना ते बघून घ्या.

> थांबा: नावांची यादी, चालू कार्ड, उघडलेलं खातं: तिन्ही तयार नसतील तर तिकिटं खुली होण्याच्या दिवशी बसू नका, आदल्या दिवशी हे उरका.

## टप्पा 5: दिवस आणि वेळ निवडा

तिकिटं साधारण 30 दिवस आधी खुली होतात. खास भागांचं वेळापत्रक साध्या तिकिटापेक्षा वेगळं असू शकतं, म्हणून तुमच्या तिकिटाच्या पानावरची सूचना वाचा आणि ती तारीख कॅलेंडरमध्ये गजरासह टाका. गजर लावताना घड्याळाचा फरक विसरू नका: उन्हाळी वेळेत, म्हणजे मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर, रोम आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, बाकी काळ साडेचार तास.

वेळ निवडताना:

1. महिन्याचा पहिला रविवार टाळा. त्या दिवशी प्रवेश फुकट असतो, आगाऊ बुकिंग नसतं आणि रांग संपता संपत नाही. त्या दिवशी खास भागाची आशा ठेवू नका.
2. रोममध्ये उतरलात तो दिवस टाळा. मुंबईहून येणारं विमान उशिरा आलं तर बुडालेले पैसे कुणी परत देत नाही. फ्लोरेन्स-नेपल्सहून रेल्वेने येणाऱ्यांनीही मध्ये निदान तीन तास सोडावेत.
3. सकाळची पहिली वेळ घ्या, विशेषतः जून ते ऑगस्ट. अरीनाचा मंच पूर्वेला आहे. सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून समोरच्या सज्जांवर पडतं, दुपारनंतर तेच डोळ्यांत येतं. दुपारी त्या मंचावर सावलीचं नाव नाही.
4. फोरम-पॅलेटाइन दुसऱ्या दिवशी ठेवा, जर फुल एक्सपिरियन्स घेतलं असेल तर. तिकीट दोन दिवस चालतं ते कशासाठी? एकाच दिवशी सगळं कोंबलं की पॅलेटाइनच्या चढावर घरचे संपावर जातात. सुपर जागांपैकी काही ठराविक वारीच उघडतात, तेही बघून दिवस ठरवा.

उन्हाळा-शरदात काही संध्याकाळी रात्रीच्या फेऱ्याही जाहीर होतात. मिळाली तर सोडू नका: गर्दी तुरळक, हवा गार. पण त्या भरवशावर दिवसाचं तिकीट काढायचं थांबू नका.

## टप्पा 6: तिकीट काढा

आता क्रम पाळा. तारीख, मग तिकिटाचा प्रकार, मग वेळ, मग माणसं (मुलांची शून्य किमतीची तिकिटं धरून), मग नावं, मग पैसे. आधी अंडरग्राउंड बघा, नाही मिळालं तर अ‍ॅटिक, मग अरीना, मग साधं. हा उतरता क्रम आधीच ठरवून ठेवला की ऐन वेळी ‘थांब, ह्यांना विचारते’ होत नाही.

हवी ती वेळ गेलेली दिसली तर आसपासची घ्या. चौघांना एका वेळेची तिकिटं नसतील तर दोन-दोन करून वेगवेगळ्या वेळा घेण्याचा मोह आवरा. तळघराचे गट वेगळे होतात आणि बाहेर एकमेकांची वाट बघण्यात तास जातो.

> तपासून पाहा: ईमेलवर आलेल्या पीडीएफमध्ये प्रत्येकाचं नाव, तारीख, वेळ आणि ‘अंडरग्राउंड’ हे शब्द आहेत ना? महिना आणि दिवस उलटसुलट झालेला नाही ना? इटलीत आपल्यासारखाच आधी दिवस, मग महिना लिहितात. पीडीएफ फोनमध्ये उतरवून ठेवा; दारात नेटवर्कचा भरवसा नसतो.

## टप्पा 7: संपली असतील तर

तिकिटं पटापट संपतात याला नुसती लोकप्रियता कारण नाही. इटलीच्या स्पर्धा नियामकाने 2025 मध्ये तिकीट विकणारी पूर्वीची संस्था आणि काही टूर कंपन्यांना मिळून जवळपास 2 कोटी युरोंचा दंड केला. काही कंपन्या संगणकी बॉट (आपोआप बुकिंग करणारे प्रोग्रॅम) लावून तिकिटं उचलत होत्या, असा त्यात ठपका होता. तेव्हा सामान्य माणसाला तिकीट न मिळणं हा त्याचा आळस असतोच असं नाही.

लगेच खासगी टूर घेऊ नका. आधी दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ अधिकृत पान उघडून पाहा. सुटी तिकिटं अधूनमधून दिसतात, विशेषतः एक-दोन माणसांसाठी. नाहीच मिळाली तर खासगी टूर घेताना हे प्रश्न लेखी विचारा, ईमेल किंवा चॅटवर:

1. तळघरात आत जाणार, की वरून दाखवणार? (‘अंडरग्राउंड व्ह्यू’ म्हणजे वरून.)
2. सोबत परवानाधारक गाईड आहे, की फक्त तिकीट हातात देणारा माणूस? इटलीत गाईडला परवाना लागतो आणि त्याच्या गळ्यात ओळखपत्र असतं. आपल्याकडून गेलेला टूर मॅनेजर आत फारसं बोलत नाही, त्यामागेही बहुधा हेच कारण असतं.
3. गट किती जणांचा? तळघराचे बोळ अरुंद आहेत. मोठ्या गटात मागच्याला काही ऐकू येत नाही. कानात लावायचे इअरफोन देतात का?
4. तळघर त्या दिवशी बंद राहिलं तर किती पैसे परत? मोठ्या पावसात ते बंद ठेवलं जाऊ शकतं, त्यामुळे हा प्रश्न ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जाणाऱ्यांनी सोडू नये.
5. माझं नाव तिकिटावर येणार ना? जो विक्रेता प्रवाशांची नावं विचारतच नाही, त्याच्याकडे पैसे भरू नका.

‘स्किप द लाइन’ या शब्दांना भुलू नका. सुरक्षा तपासणीची रांग कुणालाच चुकत नाही, 150 युरो भरणाऱ्यालाही नाही. चुकते ती फक्त तिकीट खिडकीची रांग, आणि ती 18 युरोंचं ऑनलाइन तिकीट काढणाऱ्यालाही चुकते.

मेट्रोच्या तोंडाशी हातात फलक घेऊन ‘आज फुल आहे, माझ्याकडे शेवटची दोन’ म्हणणाऱ्यांकडून काहीही घेऊ नका. तिकिटं नावानिशी असताना त्याच्याकडे तुमच्या नावाचं तिकीट येईल कुठून?

## टप्पा 8: त्या दिवशी

रोमच्या मुख्य रेल्वे स्थानकावरून, टर्मिनीवरून, मेट्रोच्या बी मार्गाने कोलोसेओ दुसरंच स्थानक. बाहेर पडलात की वास्तू समोर उभी असते, शोधावी लागत नाही. गर्दीत पाकीट पुढच्या खिशात.

वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. साध्या तिकिटाचं आणि खास तिकिटाचं प्रवेशद्वार वेगळं असू शकतं, आणि चुकीच्या रांगेत वीस मिनिटं उभं राहिल्यावर ते कळण्याची ही जागा नव्हे. तिकिटावर दाराबद्दल काय लिहिलंय ते वाचा, मग रांगेच्या तोंडाशी उभ्या कर्मचाऱ्याला तिकीट दाखवून विचारा, मगच मागे जाऊन उभे राहा.

बरोबर काय असावं: मूळ पासपोर्ट (फोनमधला फोटो पुरेल या भरवशावर जाऊ नका), पाण्याची प्लास्टिक किंवा स्टीलची बाटली, टोपी, घट्ट तळव्याचे बूट. काय नसावं: सूटकेस, मोठी सॅक, काचेची बाटली. सामान ठेवायची सोय तिथे नाही. ते टर्मिनीवर ठेवून या. बाटली रस्त्याकडेच्या ‘नाझोनी’ म्हणजे सतत वाहणाऱ्या नळांवर भरता येते, ते पाणी पिण्याचं आहे.

बाहेर रोमन सैनिकाच्या वेशात माणसं फिरतात. त्यांनी मुलाच्या डोक्यावर शिरस्त्राण ठेवलं की फोटोचे पैसे द्यावे लागतात, तेव्हा आधीच हसून नाही म्हणा.

## टप्पा 9: आत गेल्यावरचा क्रम

तळघराची वेळ तिकिटावर ठरलेली असते, तिच्याभोवती बाकीचं बसवा. शक्य असेल आणि तिकीट तशी मुभा देत असेल, तर आधी वर, मग खाली. दुसऱ्या मजल्यावरून तळघराचा नकाशा डोळ्यांत साठवा: मधला बोळ कुठे, वळणाऱ्या भिंती किती, मंच कोणत्या टोकाला. मग खाली गेल्यावर गाईड ‘आपण इथे आहोत’ म्हणतो तेव्हा त्याला अर्थ येतो. गटाची वेळ प्रवेशाबरोबरच असेल तर हा क्रम जमणार नाही. मग खालून वर आल्यावर तरी कठड्याशी पाच मिनिटं थांबा.

तळघरात गटाच्या पुढच्या भागात राहा. फोटो नंतर, आधी ऐका. वाट एकेरी असते, मागे राहिलात की परत त्या जागी जाता येत नाही. गाईडला जमिनीतली कांस्याची बैठक दाखवायला सांगा. सगळे गाईड आपणहून दाखवत नाहीत.

भिंतींना हात लावू नका आणि मुलांना किल्लीने रेघ ओढू देऊ नका. 2023 मध्ये भिंतीवर नाव कोरणाऱ्या एका पर्यटकाचा व्हिडिओ जगभर फिरला होता. अशा प्रकरणात दंड हजारो युरोंचा असतो आणि शिवाय खटलाही चालतो.

अचानक ‘आज तळघर बंद’ असं दारातच कळलं, तर तिथेच कर्मचाऱ्याकडून किंवा गाईडकडून कारण विचारून घ्या, सूचनेचा फोटो काढा आणि विक्रेत्याला त्याच वेळी, आत जायच्या आधी, संदेश पाठवा. ‘पूर्ण फेरी बघून झाल्यावर तक्रार केली’ हे पैसे नाकारण्याचं सोपं कारण होतं. संदेश गेला की वर जा. दुसरा मजला तुमच्या तिकिटात आहेच, आणि तळघर तिथून दिसतं.